दहा पायांची पेटी

ऋतिकाला पिवळ्या तापाची लस टोचली त्या दिवशी माधुरी खरं तर बरी होती. परदेशातल्या शिबिराला ऋतिकाची निवड होऊन आठवडा झाला होता, रडून झालं होतं, नवऱ्याशी भांडून झालं होतं. पण दुपारी ऋतिका दंड धरून वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, "माधुरीताई, हात उचलवतच नाहीये ओ," तेव्हा माधुरीचं ते बरं असणं तिथंच संपलं. त्या दुखण्याचासुद्धा तिला हेवा वाटला. लस टोचली की एक पिवळं पुस्तक मिळतं, पासपोर्टएवढं. ऋतिकानं ते टेबलावर ठेवलं होतं. माधुरीनं त्याच्यावर प्लास्टरचा डबा ठेवला. मग डाग पडेल म्हणून स्वतःच उचलला.

मुलुंडला एलबीएस रोडवरून आत वळलं की एका ट्रस्टचं हे वर्कशॉप लागतं. इथं कृत्रिम पाय बनतात आणि गरजूंना फुकट बसवून मिळतात. वर्षातून एकदा इथली पाच-सहा माणसं परदेशात शिबिराला जातात. त्याला सगळे 'मिशन' म्हणतात. नेपाळ झालं, मोझांबिक झालं, गेल्या साली व्हिएतनाम. पंधरा दिवसांत शंभर-सव्वाशे माणसांना पाय बसवून यायचं.

माधुरी इथं अकरा वर्षं होती. कागदावर स्टोअर असिस्टंट. पण नऊ मिशनच्या पेट्या तिनं एकटीनं भरल्या होत्या. शिवाय मांडीपासून पाय गेलेली बाई आली की माप घ्यायला बाईच हवी, म्हणून वर्कशॉपचे प्रमुख नाना यांनी तिला माप घ्यायलाही शिकवलं होतं. नानांच्या हाताखाली शिकलेलं माप, ते चुकायचं नाही.

या वर्षी मिशन टांझानियात डोडोमाला होतं. तिथल्या हॉस्पिटलचं पत्र आलं, की या वेळी एक तरी बाई पाठवा, पुरुषांकडून माप घ्यायचं म्हटलं की आमच्याकडच्या बायका उठून घरी जातात. पत्र फाईलला लावताना माधुरीनं ते तीनदा वाचलं. आता आपल्याशिवाय आहे कोण? पासपोर्ट दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता. घरी कांजूरला तिनं फक्त सासूच्या कानावर घातलं आणि तिथंच चुकली. रविवारी विहारात वंदना संपली तशी सुंदराबाईंनी सगळ्या बायांना ऐकवलं, "माही सून आफ्रिकेला चालली बरं का! पाय बसवाले!" बायांनी लगेच सत्काराची तारीख धरली.

बुधवारी नानांनी नाव वाचलं ते ऋतिकाचं. बोरिवलीची पंचवीस वर्षांची पोरगी. डिग्री घेऊन आलेली, इथं येऊन चौदा महिने झालेले.

"तू नानांना विचारलंस का?" तिच्या नवऱ्यानं, धम्मपालनं, त्या संध्याकाळी विचारलं. तो एसी दुरुस्तीची कामं करायचा, प्रत्येक गोष्टीत आधी बिघाड कुठे ते शोधायचा.

"विचारायचं काय त्यात? नऊ वर्षं दिसत नाहीत त्यांना?"

"अगं, रडल्याशिवाय आई पण दूध पाजत नाही."

"मग मी काय आता रडत जाऊ नानांकडे?"

सुंदराबाईंची वेगळीच पंचाईत. बायांना त्यांनी परस्पर सांगून टाकलं, की सुनेचं बीपी वाढलं, डॉक्टरनं विमानात बसू नको म्हटलं. तेव्हापासून माधुरीला रस्त्यात कुणीही गाठायचं, "मीठ कमी कर गं बाई," म्हणायचं. एकीनं तर बीट आणून दिलं. माधुरीनं ते बीट एवढं बारीक किसलं, की धम्मपाल गॅलरीत जाऊन उभा राहिला.

आणि वर नानांचं फर्मान. "माधुरी, या वेळी पेट्या ऋतिकाला भरू दे. तू फक्त दाखव तिला."

आता पेट्या भरायची माधुरीची एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, तिच्या डोक्यातच होती. मोझांबिकच्या वेळी सगळे गुडघ्याचे सांधे एकाच पेटीत गेले होते आणि नेमकी तीच पेटी वाटेत मागं राहिली. पाच दिवसांनी पोचली. तोवर तिथं पावलं होती, पाईप होते, पट्टे होते, पण मांडीपासूनचा एकही पाय उभा राहीना. दोन-दोन दिवस चालत आलेली माणसं बसून बसून परत गेली. ते फोनवर ऐकल्यापासून माधुरीनं ठरवलं, एका पेटीत दहा पाय. दहा पावलं, पाच गुडघे (निम्म्यांचा गुडघा शाबूत असतो), मापात कापलेले पाईप, पट्टे, स्क्रू, ते आवळायची चावी, सगळं त्याच पेटीत. हरवली तर दहा पाय हरवले. बाकीचं काम चालू. अशा बारा पेट्या, प्रत्येकी तेवीस किलोच्या आत. पुढं कधी पेटी हरवली नाही, म्हणून ही रीत कुणाच्या लक्षातही राहिली नाही. नानांच्यासुद्धा.

"ताई, कसं भरता तुम्ही?" निघायच्या आठवड्यातल्या सोमवारी ऋतिकानं विचारलं.

"तुमच्या डिग्रीला पॅकिंगचा पेपर नव्हता का?"

"नाही ना यार," ऋतिका हसली. तिला ती थट्टा वाटली.

"मग भर तुझ्या पद्धतीनं. मी आहेच."

ऋतिकानं भरल्या. फार छान भरल्या, तेच तर दुःख होतं. डाव्या पावलांना निळं स्टिकर, उजव्यांना लाल. पट्टे एका पेटीत, स्क्रू एका पेटीत, लॅपटॉपवर रंगीत यादी. कस्टमवाल्यांनी काही विचारलं तर एका मिनिटात दाखवता येईल, म्हणाली. सात नंबरच्या पेटीत तिनं फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये एकेक गुंडाळून सगळे साठ गुडघे ठेवले. माधुरी समोर बसून पट्ट्यांची बक्कलं तपासत होती. सात नंबरचं झाकण बंद झालं. कडी लागली. माधुरी सांगायला म्हणून उठली. तेवढ्यात ऋतिकाच्या आईचा फोन आला, लसणीची चटणी किती देऊ, खोबऱ्याच्या वड्या तिकडे टिकतील ना, आणि ऋतिका "आई, बॅगेत जागा नाहीये गं!" असं लाडात म्हणाली. माधुरी परत बक्कलं तपासायला बसली.

घरी भाकऱ्या थापताना तिनं मनातल्या मनात एक फोन ऐकला. डोडोमाहून ऋतिका रडतेय, ताई, सात नंबर आलीच नाही. नाना कपाळावर हात मारून म्हणतायत, माधुरीला पाठवायला हवं होतं. हे तिनं एवढ्या वेळा ऐकलं, की शेवटच्या तीन भाकऱ्या करपल्या. करपलेल्या भाकरीसकट तो फोन तिला गोड लागला.

मंगळवारी नानांनी पेट्या तपासल्याचा कागद पुढं केला. "तपासलंस?"

"हो."

"कर सही."

तिनं केली.

बुधवारी चार वाजता टेम्पो यायचा होता. जेवणं झाल्यावर जाणारी सगळी माणसं पेट्यांभोवती जमली. त्यातल्या एकानं नानांना विचारलं, की एकदा उघडून बघूया का, नवीन पोरीनं भरल्यात.

"काही गरज नाही," नाना म्हणाले. "माधुरीची सही आहे ना? मग डोळे मिटून जा."

नाना आणि बाकीची माणसं चहा पिऊन बॅगा आवरायला गेली. माधुरी तिथंच उभी राहिली. आजवर या वर्कशॉपमध्ये तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, तिची सही, आणि नानांनी आत्ता तिचं नाव घेतलं होतं. ती सही तिनं काल खोटी केली होती. विमान दुसरीला मिळालं होतं, ते मिळालं. पण सही कुणी हिसकावली नव्हती.

"ऋतिका. सात नंबर उघड."

"का? काय राहिलं?"

"सगळ्याच उघड."

"ताई, दोन तासांत टेम्पो येतोय!"

"मग बोलत काय बसलीस?"

बारा पेट्या जमिनीवर रिकाम्या झाल्या. माधुरीनं मोझांबिकची गोष्ट एकदाच सांगितली, हात चालू ठेवून. दहा पावलं, पाच गुडघे, चावी. ऋतिकाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चौथ्या पेटीला मात्र ती थांबली.

"तुम्हाला हे सोमवारीच दिसलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू जातेस म्हणून."

ऋतिकाच्या हातातला गुडघा हातातच राहिला. "माझी वाट लागली असती तिकडे."

"तेच बघायचं होतं मला," माधुरी म्हणाली. "वजन कर त्या पेटीचं. साडेबावीसच्या वर नको, कुलपाचं वजन धरायचंय."

पुढचा दीड तास ऋतिकानं पेटी पुरी झाली की फक्त वजनाचा आकडा सांगितला. निळी-लाल स्टिकरं तेवढी तिनं हट्टानं नवीन यादीप्रमाणे परत लावली. माधुरीला ती पद्धत आवडली, पण तिनं तसं म्हटलं नाही.

शेवटच्या पेटीला कुलूप लागताना नाना आले. फरशीवर प्लास्टिकचा खच, दोघी घामाघूम. "हे काय चाललंय?"

ऋतिका उभी राहिली. "मी चुकीचं भरलं होतं, नाना. आणि ताईंना माहीत होतं, तरी त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही."

नानांनी माधुरीकडं बघितलं. माधुरीनं खाली बघितलं नाही.

"खरंय. मला जायचं होतं."

"तू कधी म्हणाली नाहीस गं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. नऊ वर्षं."

नाना स्टुलावर बसले. "मला वाटलं, तुझं घर, सासू... आणि त्या हॉस्पिटलला सर्टिफिकेटचा कागद लागतो. तुझ्याकडे तो नाही."

"मग माझ्याकडे कागद नाही हे मला सांगायचं ना. मी तो आणला असता."

"चूक माझी आहे," नाना म्हणाले. "पण ती सही... असं परत करू नकोस."

"नाही करणार."

"सहा महिन्यांचा कोर्स असतो, काम करता करता होतो," ऋतिका कुलपाच्या चाव्या मोजत म्हणाली. "विमानतळावरून लिंक पाठवते. माझा राग गेला नाहीये अजून. पण पाठवते."

"माझाही गेला नाहीये," माधुरी म्हणाली.

टेम्पो आला. पेट्या चढल्या. ऋतिका ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर चटणीची पिशवी, गळ्यात नवं कोरं ओळखपत्र. ते ओळखपत्र बघून माधुरीच्या आत पुन्हा भडका उठला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. वळून आत जावं असं तिला वाटलं. ती दोन पावलं गेली आणि परत खिडकीपाशी आली.

"ऐक. बाईचं माप घेताना आधी चांगल्या पायाचं घे. पटकन तुटक्या पायाला हात लावलास तर ती अंग आवळून घेते, माप कमी येतं. मग पाय टोचतो आणि ती तो कोपऱ्यात ठेवून देते."

ऋतिकानं फोन काढून लिहून घेतलं. "हे आम्हाला कुणीच शिकवलं नाही. अजून काय आहे असं?"

"पुष्कळ आहे."

"सांगा ना!"

"नाही सांगणार," माधुरी म्हणाली आणि टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, निघा म्हणून.