मनूच्या नावाची नळी
काय सांगू तुम्हाला, या वयात मला मत्सर वाटावा तो कुणाचा? तर पोरींची थुंकी गोळा करणाऱ्या बाईंचा!

माझी मनू अकोल्याला होस्टेलवर राहून बॉक्सिंग शिकते. तिथल्या मॅडम मुलींची सकाळची लाळ तपासतात. ताण किती आला, थकवा भरून निघाला की नाही, सगळं म्हणे त्यातून कळतं. सुई नको, रक्त नको. ‘मॅडमले न सांगताच समजते, बाबा!’ मनू फोनवर कौतुकानं सांगायची. आणि मी ‘कशी आहेस’ विचारलं की? ‘बरी आहो.’ संपलं! तिची आई गेल्यापासून आमचं बोलणं एवढंच. मग माणूस जळणार नाही का?

आईच्या वर्षश्राद्धाला ती राजापेठेतल्या घरी आली, तर सोबत बोटभर नळी! उठल्याबरोबर, चूळही न भरता तिच्यात लाळ घ्यायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी पाहतो तर पोरगी गाढ झोपलेली. मॅडमच्या नळीसाठी तिची झोप मोडू? मुळीच नाही! नळी मीच भरली आणि घट्ट झाकण लावलं.

मनू उन्हं वर आल्यावर धडपडत उठली. “बाबा, कावून नाही उठवलं? माही नळी?”

“झोपेतच देल्ली तू. फ्रीजमध्ये ठेवली म्या.”

पुढच्याच आठवड्यात मॅडमचा फोन. “काका, लगेच या. मनूच्या लाळेत पुरुषांचं हार्मोन भरमसाट आलंय. घरी काही औषध घेतलं का तिनं? खुलासा झाल्याशिवाय तिला निवड चाचणीत उतरवता येणार नाही.”

मिळेल ती एसटी धरून अकोला गाठलं. होस्टेलच्या बाकावर मनू रडून लाल झालेली. मी तडक आत शिरलो.

“मॅडम, ती थुंकी माझी आहे!”

मॅडमनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मुलीचं म्हणून हे फारच जास्त होतं. तुमचं म्हणून… जरा कमीच आहे, काका.”

घ्या! अब्रूचा उरलासुरला भागही गेला.

“मनू नवीन नमुना देईल, ती चाचणीला उतरेल,” त्या म्हणाल्या. “पण तुमचा ताण फार दिसतोय. झोप लागते का?”

हे मला वर्षभरात कुणी विचारलंच नव्हतं. बोलायला लागलो तो थांबेचना. दवाखान्यातले दिवस, पहाटे चुकून ठेवलेला दोघांचा चहा, सगळं.

बाहेर आलो. मनू डोळे पुसून, कमरेवर हात ठेवून उभी.

“तासभर? एवढं तं तुमी माह्यासंग वर्षभरात नाही बोलले, बाबा!”