देवस्थानाची जपानी गाडी

ज्या गावात गाडी एकच असते, तिथे तिच्याबद्दल मत नसलेला माणूस सापडत नाही. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही तो गिअरबद्दल बोलतो, आणि जो कधी गाडीत बसलेला नाही तो बसणाऱ्याला कसं बसावं ते शिकवतो. अशी मतं साठत जातात आणि त्यांचे किस्से होतात. आमच्या गाडीचे किस्से आता लोक हसत हसत सांगतात. ते घडत होते तेव्हा मी एकालाही हसलो नव्हतो.

मी नुकताच बी.एस्सी. होऊन गावी परतलो होतो. नोकरी नंतर, आधी गाव सुधारायचं, असा माझा बेत होता. आमचं गाव मालवण-कसाल रस्त्यापासून बरंच आत. पेशंट असला की त्याला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं आणि एसटीची वाट बघत बसायचं. तेव्हा जपानी कंपनीच्या सहकार्याने आपल्याकडे छोट्या व्हॅन बनायला लागल्या होत्या. देवस्थानाने अशी एक व्हॅन पेशंटसाठी घ्यावी ही कल्पना माझी. त्यासाठी मी सहा महिने लोकांचं डोकं खाल्लं.

देवस्थानाचे मुख्य मानकरी तात्या गावकर. त्यांना जुनी का होईना, पण जीप हवी होती. त्यांचा सख्खा भाऊ भाड्याच्या मोटारीत, घाटीच्या चढावर मोटार बंद पडली तिथेच गेला होता. तेव्हापासून जीप सोडून तात्यांचा कुठल्याच गाडीवर विश्वास नव्हता. शेवटी देवाला कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. मग तात्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही गाडी तुझी. पण पेशंटाक घेवन जाताना ती एकदा जरी वाटेत रवली, तर आमी ती विकतलंव. तुझ्या नावाच्या गाडयेत माणूस रस्त्यार मरूचो नाय."

रवली म्हणजे थांबली. इतका साधा शब्द, की त्यात पळवाटच नव्हती.

मी देवळाबाहेर त्यांना गाठलं. "तात्या, यंत्र आहे ते. कधीतरी थांबणारच."

"मगे देवासमोर उभो कित्याक रवलंस?" तात्या म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

*

गाडी आली त्या दिवशी अख्खा गाव देवळासमोर. गाडी चालवायला बाबल. त्याने वीस वर्षं एका कंत्राटदाराची जीप चालवली होती. नवीन गाडीला नारळ फोडायचा तो बंपरवर, हे त्याला पाठ होतं. जीपचा बंपर म्हणजे लोखंडाची पट्टी, नारळाचे दोन तुकडे व्हायचेच. बाबलने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि सगळा जोर लावून नारळ हाणला.

नारळ उडून तुळशीवृंदावनाजवळ जाऊन पडला. फुटला नव्हता. बंपरच्या वरच्या पत्र्याला मात्र वाटीएवढा पोचा आला होता.

न फुटलेला नारळ म्हणजे अपशकुन, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला वाटलं, गाडी आजच परत जाणार. तात्या सावकाश चालत गेले, नारळ उचलला, कानाशी धरून हलवला, सगळ्या बाजूंनी निरखून पाहिला.

"बरो आसा," ते म्हणाले. "ह्येका काय झाला नाय."

*

लोकांचा धीर वाढावा म्हणून मी त्या कंपनीचा इतिहास वाचून आलो आणि देवळाच्या मंडपात भाषण ठोकलं. ही कंपनी आधी कापड विणायचे माग बनवायची. युद्धात देशाचं वाटोळं झालं. मग त्यांनी सायकलला छोटं इंजिन बसवलं, मग मोटारसायकली केल्या, मग मोटारी. मागापासून मोटारीपर्यंत. मी म्हटलं, शिस्त असली की माणसं काय करतात ते बघा, आणि आपण अजून पेशंटला खाटेवरून नेतोय.

पुढच्याच रांगेत नेरूरकर मास्तर बसले होते. निवृत्त झाले तरी वर्गात असल्यासारखेच बसायचे. भाषण संपल्यावर ते उठले, गाडीजवळ गेले आणि दाराच्या पत्र्यावर अंगठा दाबला. पत्रा टक् करून आत गेला. अंगठा काढला, पत्रा टक् करून बाहेर आला.

"तरीच," मास्तर म्हणाले. "अजून लुगडीच विणतायत."

*

पहिला पेशंट तापाने फणफणलेला. गाडी त्याच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात उभी, घरची माणसं रडवेली. बाबलने चावी फिरवली. जीप चालू झाली की शेजारच्या वाडीला कळायचं. इथे ना आवाज, ना धक्का. बाबलच्या कपाळावर घाम आला. त्याने पुन्हा चावी फिरवली आणि इंजिनातून असा खर्र आवाज निघाला की पेशंटची आई मटकन खाली बसली. अजून खळंसुद्धा ओलांडलं नव्हतं आणि गाडी गेली, असंच मला वाटलं.

"मेल्या, चालू आसा ती," मधू ओरडला. मधू कुवेतात तीन वर्षं ड्रायव्हर होता, तेव्हा जपानी गाड्यांवर शेवटचा शब्द त्याचाच.

"मगे तिना सांगूक नको?" बाबल म्हणाला.

*

या मधूचं मत कोणी विचारायची गरज नसायची. "वाळयेत चलवलंय मी जपानी पिकप. तीन वर्षांत बॉनेट उघडूक लागला नाय." एकदा बाबल म्हणाला, "हिचा तरी उघडून दाखय." गाडीत थंडीतापाने कुडकुडणारी एक म्हातारी बसलेली, तिला मालवणला पोचवायची घाई, आणि या दोघांचं हे चाललेलं. मधूने पुढची झडप उघडली. आत इंजिन नव्हतं. त्याने वाकून पाहिलं, खाली पाहिलं, मग मागे जाऊन पाहिलं. कुवेतात पुढे इंजिन असायचं. माझा संताप डोक्यात गेला होता.

पुढच्या सीटवर अंग चोरून बसलेली म्हातारी एवढ्यात म्हणाली, "बाबल्या, देवाच्या गाडयेत शेगडी पण ठेवलीहा रे? माका बरा वाटता. चल आता."

इंजिन तिच्याच सीटखाली होतं.

*

सगळ्यात जास्त भीती मला बाबलचीच वाटायची, कारण तात्यांची अट त्याने अक्षरशः घेतली होती. थांबायचं नाही म्हणजे नाही. पेशंट खळ्यात असतानाच तो समोरच्या गाई हाकलायला माणसं पाठवायचा.

एकदा मूतखड्याने कळवळणाऱ्या नारायण आजोबांना घेऊन आम्ही कणकवलीला निघालो. तिठ्यावर पोचल्यावर त्यांच्या पुतण्याच्या लक्षात आलं की दवाखान्याचे कागद घरीच राहिले. आधीच्या ऑपरेशनचे कागद, त्यांच्याशिवाय हात लावणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुतण्या चालत्या गाडीतून उतरला आणि एका सायकलवाल्याला थांबवून त्याला कागद आणायला मागे पिटाळलं. बाबलने गाडी तिठ्यावरच्या मैदानात वळवली आणि मैदानाला फेऱ्या घालायला सुरुवात केली.

"बाबल, थांबव गाडी," मी म्हटलं.

"पेशंट आसा."

"पेशंटसाठीच म्हणतोय. त्यांना गरगरतंय."

"तुमी शिकलेले. तुमचो शब्द तुमी मोडशात. हो शब्द देवासमोर दिलेलो आसा."

मी मोजल्या, अकरा फेऱ्या झाल्या. आजोबांनी दोनदा खिडकीतून ओकारी काढली. पुतण्या कागद घेऊन आला आणि धावत धावत आत चढला. आजोबा डोळे मिटूनच त्याला म्हणाले, "माझा दुखणा पोटात आसा. पण दवाखान्यात गेल्यार आदी ह्या बाबल्याचा डोक्यातला दाखयाचा."

*

हे सगळं सांगायला बरं वाटतं. पण श्रावणातली ती दुपार आठवली की माझे हात अजून जड होतात.

पोस्टमन गणपतची बायको सुलोचना बांधावर गवत कापत होती. पायाला फुरसं चावलं. बाबलने तिला गाडीत घेतलं तेव्हा पाऊल सुजून काळंनिळं पडायला लागलं होतं. मधू आणि मीही बरोबर होतो. गावाबाहेरच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर येऊन पाहतो तर मोरीवरून गुडघाभर पाणी वाहात होतं. पलीकडे एकही वाहन नाही, एसटी सकाळपासून बंद. पाणी ओसरायला दोन तास तरी लागले असते. तिच्याकडे दोन तास नव्हते.

"पाण्यात घातलंस तर संपली," मधू म्हणाला. "सायलेन्सर पाणी ओढतलो." त्या दिवशी त्याचं मत बरोबर होतं.

बाबल थांबेना. काठावर गाडी हातभर पुढे घ्यायचा, हातभर मागे घ्यायचा, पुन्हा पुढे. मागच्या सीटवर सुलोचना आडवी, तिचं डोकं गणपतच्या मांडीवर. गणपत नुसता तिच्या पायाकडे बघत होता.

देऊळ जवळच. तिथे सप्ताह चालू होता. टाळ वाजवणारी माणसं तशीच धावत आली, त्यांच्यामागून तात्या. आमच्याकडे पालखीचे ठरलेले गडी असतात, घराण्याने चालत आलेले. एकाच्या हाकेवर सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं, आणि पालखी देवळातून उचलली की ठिकाणावर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, मग खांद्याची सालटी निघोत. तात्यांनी पाणी पाहिलं, गाडी पाहिली.

"पालखेचे गडी पुढे येवा," ते म्हणाले. "गणपत, तू खाली उतर. आणि आयका, मदी खंय टेकूची नाय."

गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. वीस-बावीस माणसांनी दोन्ही बाजूंनी, पुढून, मागून पत्र्याच्या खालच्या कडेत बोटं घातली. पासष्ट वर्षांचे तात्या पुढच्या कोपऱ्याला होते. मी मागच्या चाकापाशी. पाण्याच्या अगदी काठावर तात्यांनी हाक दिली आणि गाडी वर उठली. आत सुलोचना आणि बाबल. बाबलचा पाय ॲक्सिलरेटरवर, गाडी गिअरमध्ये, मागची चाकं हवेत फिरतायत आणि सगळा चिखल माझ्या तोंडावर.

"पाय," तात्या म्हणाले. सगळ्यांनी पाऊल टाकलं.

"पाय."

पंधरा-वीस हातांचं अंतर. पाणी पायांना ओढत होतं. माझी बोटं कापली जात होती. सगळ्यांच्या माना खाली, आणि तात्यांच्या आवाजाशिवाय ऐकण्यासारखं काही नव्हतं. मध्यावर मधूचा पाय शेवाळावरून घसरला. माझ्या बाजूचा कोपरा खाली गेला. आम्ही तो सावरला, जमिनीला टेकू दिला नाही. पण सायलेन्सर पाण्यात बुडून वर आला होता. इंजिन दोनदा खोकलं.

माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर चाक फिरायचं थांबलं.

मी पाहिलं. ते थांबलं होतं. आत बाबलने चावी फिरवली, काही झालं नाही. सुलोचना कण्हली. तात्या पुढून म्हणाले, "पाय." आम्ही पाऊल टाकलं. "पाय." आम्ही टाकलं. पलीकडचा काठ चढलो, गाडी खाली ठेवली, बाबलने पुन्हा चावी फिरवली, आणि तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. गणपत मागून धावत येऊन आत चढला. गाडी गेली.

सुलोचना आठ दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी आली. लंगडत, पण चालत.

पुढच्या सोमवारी तात्यांनी गाव देवळात बोलावला. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. बायकांच्या रांगेत सुलोचना बँडेज बांधलेला पाय लांब करून बसली होती. नेरूरकर मास्तर आले होते, मधू होता. बाबल खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. तात्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, पेशंट गाडयेत आसताना गाडी व्हाळात रवली की चलत होती, ता माका ठावक नाय. माझी मान खाली होती. माका पाणी तेवढा दिसत होता. जेका कोणाक दिसला आसात, तेना आता तुझ्यासमोर सांगूचा."

मग ते वळले आणि सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवत सावकाश माझ्यापर्यंत आले.

मी तिसऱ्या रांगेत उभा होतो. हात जोडलेले होते. मी मान खाली घातली.