धावड्याची काठी

काठी मोठी की हात मोठा, हा वाद मी धुळ्याच्या पाचव्या गल्लीत तीन वर्षं घातला आणि तिन्ही वर्षं काठीच्या बाजूने बोललो. आज कुणी तो विषय काढला की मला बसल्या जागी थकवा येतो. पुतण्या परवा पूल खेळायची कुठलीशी भारी स्टिक घ्यायची म्हणून सल्ला विचारायला आला होता. मी त्याला चहा पाजला आणि काही न सांगता परत पाठवलं. त्याला वाटलं असेल, काकाला खेळातलं आता काही आठवत नाही.

आठवतं सगळं. नव्वद सालानंतरची गोष्ट. साडीच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दुकानदाराच्या धाकट्या मुलाने पूलची दोन टेबलं टाकली होती. घराणं मूळ राजस्थानचं, तीन पिढ्या धुळ्यात, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्याला आम्ही शेठ म्हणायचो, वयाने माझ्याएवढाच असला तरी. खाली लुगडी उलगडली जायची आणि वर आम्ही हिरव्या कापडावर वाकलेले असायचो. एप्रिल-मे महिन्यात कूलरसमोरच्या टेबलासाठी भांडणं व्हायची. वीज गेली की सगळे जिन्यात येऊन बसायचे.

मी बी.कॉम. होऊन बसलो होतो. गाव शिंदखेड्याकडे, घरी कोरडवाहू शेती आणि चार म्हशी. धुळ्यात खोली घेऊन मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो, असं गावात सगळ्यांना माहीत होतं. पहिलं वर्षभर मी तो केलाही. मग जिना चढायला लागलो. वडिलांना, म्हणजे आबांना, हे कळलं तर ते रागावतील म्हणून मीच आधी सांगून टाकलं की या खेळातही नोकरी मिळते. जळगावला निवड स्पर्धा होते, तिथले पहिले दोघे पुण्याला जातात, पुण्याचं प्रमाणपत्र हातात आलं की खेळाडूंच्या कोट्यातून कुठल्याही मोठ्या कंपनीत घेतात. यात खोटं काही नव्हतं. फक्त पहिल्या दोघांत येण्याइतका मी चांगला नव्हतो, एवढं सांगायचं राहिलं.

मी वाईट खेळत होतो असंही नाही. सुरुवातीचे सहा-सात चेंडू मी भराभर घालायचो, बघणारे मान डोलवायचे. पण आमच्या खेळात शेवटी काळा चेंडू घालावा लागतो, आणि तो समोर आला की माझं मनगट माझं राहायचं नाही. भोकाच्या तोंडाशी असलेला काळा मी चुकवलेला आहे. चुकला की मी एक गोष्ट न चुकता करायचो. स्टिक टेबलावर आडवी ठेवून हाताने ढकलायचो. सरळ स्टिक गपगुमान घरंगळत जाते, वाकडी असली की मध्येच उडते. शेठकडच्या स्टिका शेकडो हातांतून गेलेल्या, त्यातली एकही धड नव्हती. ती उडाली की मी सगळ्यांकडे बघायचो. शेठ हसून म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आबा अधूनमधून बाजार समितीत माल घेऊन धुळ्याला यायचे. एकदा काम लवकर उरकलं म्हणून ते मला शोधत थेट वर आले. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, जिना चढून धाप लागलेली. शेठने उठून त्यांना खुर्ची दिली, "बसा आबा" म्हणाला. नेमका तेव्हाच मी डाव हरलो. काळा भोकापासून वीतभर होता. मी सवयीने स्टिक टेबलावर ढकलली, ती उडाली. आबा खुर्चीवरून उठले, स्टिक उचलून एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून पाहिलं. कुऱ्हाडीचा दांडा घ्यायचा असला की ते असंच बघायचे. चार दांडे नापसंत करून पाचवा घेणारा माणूस.

"वाकडी शे," ते म्हणाले. मग भिंतीला लावलेल्या एकेक स्टिक घेऊन बघितली. "बठ्ठ्या वाकड्या शेतस. मंग तू कसा जितशी?"

इतक्या गंभीरपणे कुणी माझी बाजू घेतलेली नव्हती. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. तेवढ्यात त्यांनी शेठला विचारून पिशवीतून सुतळी काढली. स्टिकेची लांबी मोजून गाठ मारली, मग जाड टोकाला वेढा घेऊन दुसरी गाठ, बारीक टोकाला तिसरी. टेबलावरचे लोक खेळ थांबवून बघत होते. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि खालच्या गल्लीत काहीतरी महत्त्वाचं चाललं असल्यासारखा पाहू लागलो.

पोळा झाल्यावर ते काठी घेऊन आले. गावच्या सुताराने घडवलेली, धावड्याची. सातपुड्यातलं लाकूड, शिरपूरकडच्या ओळखीच्या माणसाकडून आणवलेलं. आमच्याकडे कुऱ्हाडीला आणि गाडीला धावडा लागतो, कारण तो मोडत नाही. ज्याच्यावर भाकरी अवलंबून ते हत्यार धावड्याचंच हवं, असं आबांचं साधं गणित. सुताराने रंध्याने आणि मग काचेच्या तुकड्याने तासून ती गुळगुळीत केली होती. पंधरा दिवस रोज करडईचं तेल चोळून आईने ती चुलीच्या वर धुरात टांगली होती. टोकाला पितळी शेंबी आणि तिच्यावर चपलेच्या चामड्याची गोल चकती, खळीने चिकटवलेली. वजन आमच्या स्टिकेच्या दुप्पट.

"धावडानं लाकूड शे," आबा म्हणाले. "मोडाव नही."

ते बस पकडायला गेल्यावर लोक मनसोक्त हसले. कुणी म्हणालं, साप मारायला चांगली आहे. कुणी म्हणालं, एका टोल्यात टेबल खाली साड्यांच्या दुकानात. शेठ मात्र हसला नाही. त्याने काठी टेबलावर आडवी ठेवली आणि ढकलली. ती या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यासारखी गेली, तसूभरही उडाली नाही.

"माझ्या स्टिकेपेक्षा सरळ आहे," तो म्हणाला. त्याची स्टिक मुंबईहून आणलेली, दोन तुकड्यांची, आतून मखमल लावलेल्या पेटीत ठेवायची. मग त्याने कापड फाटू नये म्हणून शेंबीवर बोट ठेवून तपासलं, चकतीला खडू लावला आणि त्या आडदांड काठीने चार चेंडू ओळीने घातले. पाचवा काळा. तोही घातला. काठी माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "जड आहे. पण सवय होईल."

त्या दिवसापासून मला ती काठी बघवेना. इतकी वर्षं ज्याच्या आड उभा होतो ते आबांनी प्रेमाने उचलून बाजूला ठेवलं होतं. आता मी होतो आणि काळा चेंडू होता. मी काठी खोलीत कपाटामागे उभी केली आणि शेठच्या वाकड्या स्टिकांकडे परत गेलो. तिथे हरायची सोय होती.

डिसेंबरात जळगावची निवड स्पर्धा आली. माझं ते शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. आबांनी पोस्टकार्ड पाठवलं की जाताना काठी विसरू नको. मी गावी गेलो तेव्हा त्यांना म्हटलं, "तठे घरनी काठी चालस नही, आबा. नियम शे." काठी निदान घरी नीट राहील म्हणून ती बरोबरच नेली होती. आबा म्हणाले, साहेब लोकांचे नियम. शेठने आपली मुंबईची स्टिक पेटीसकट मला दिली.

जळगावच्या त्या क्लबात टेबलं मोठी, कापड नवं, दिवे इतके स्वच्छ की चेंडूंच्या सावल्या दिसत. मी दोन फेऱ्या जिंकलो. खरंच चांगला खेळलो. तिसरी फेरी जिंकली की पुणे. दुपारी अडीचच्या सुमाराला ती सुरू झाली आणि मला दाराशी आबा दिसले. मी बोलावलं नव्हतं, तरी एस.टी. बदलत बदलत आले होते. खांद्याला पिशवी, आणि हातात धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली ती काठी.

एक डाव समोरच्या खेळाडूचा झाला, एक माझा. तिसऱ्या डावात माझे सगळे चेंडू गेले, समोरच्याचे तीन बाकी होते. काळा मधल्या भोकाजवळ, ज्याने मारायचं तो पांढरा सरळ रेषेत. धुळ्यात कुणीही घातला असता. मी खडू लावला, वाकलो, आणि मनगट परकं झालं. काळा भोकाच्या ओठाला लागून परत आला. समोरच्याने तीन चेंडू घातले, मग काळा. टाळ्या वाजल्या. माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी शेठची स्टिक टेबलावर ढकलली. ती सरळ गेली. ती वाकडी असावी असं मला किती वाटत होतं, काय सांगू.

मी पेटी बंद करेपर्यंत आबा आयोजकांच्या टेबलाशी पोचले होते. तिथले मुख्य गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून कागद लिहीत होते. आबांनी टोपी काढून हातात घेतली होती. आयुष्यात मी त्यांना तलाठ्यापुढेही टोपी काढताना पाहिलेलं नव्हतं.

"साहेब, मना आंडोर दुसरानी काठीवर खेयना," ते माझ्याबद्दल सांगत होते. "त्यानी सोतानी काठी शे, मी लयेल शे. तुमना नियममुळे त्याले आणता नही उनी. एक डाव परत खेळू द्या त्याले."

त्या गृहस्थांना बोली नीट कळली नसावी. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाबा, असा काही नियम नाही हो. इथे सगळे आपापलीच काठी आणतात. ते बघा." आणि त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे सात-आठ पेट्या ओळीने ठेवलेल्या होत्या.

आबांनी त्या पेट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चार पावलांवर उभा होतो. मला वाटलं, आता विचारतील. खरं तर विचारावं असंच वाटत होतं, म्हणजे एकदाचं सगळं बाहेर पडलं असतं आणि मी सुटलो असतो. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, त्या गृहस्थांना नमस्कार केला आणि माझ्याबरोबर बाहेर आले. आम्ही चालत स्टँडकडे निघालो. त्यांनी काठी बगलेत धरली होती. येणारे-जाणारे बघत होते.

धुळ्याची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा त्यांनी मला दिली. गाडी शहराबाहेर पडल्यावर ते हळूच म्हणाले, "जड व्हती का रे काठी?"

हा प्रश्न ते क्लबापासून मनात घोळवत आले असणार. मुलगा खोटं बोलला, तर त्याला काहीतरी कारण असणार. काठी जड असणार, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून त्याने नियमाचं निमित्त केलं असणार. माझ्या खोट्यातून त्यांनी माझ्यासाठी चांगुलपणा शोधून काढला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "जड व्हती."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मंग तसं सांगानं ना," ते म्हणाले, आणि बोलायला लागले. धावडा ही चूकच झाली, शिवणीचं लाकूड घ्यायला हवं होतं, हलकं आणि तरीही वळत नाही. पितळेऐवजी शिंगाची शेंबी. सुताराला आता हात बसला आहे. एरंडोल आलं. मी ठरवलं की आता सांगायचं, आबा, काठीत काही नाही, मलाच येत नाही, आणि पुढच्या वर्षी माझं वयही बसत नाही. गाडी हलली. पारोळ्याला पुन्हा ठरवलं. तिथे ते खाली उतरून माझ्यासाठी भजी घेऊन आले. जिंकलेल्या मुलाला आणावीत तशी आणली होती.

पारोळा सुटल्यावर त्यांनी पिशवीतून सुतळी काढली. तीच होती की दुसरी, कुणास ठाऊक. ती माझ्या पुढ्यात धरून म्हणाले, "किती बारीक जोयजे, दखाड."

मी शेवटचा खेळ खेळून आलो होतो आणि हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी बोटांचा वेढा करून जाडी दाखवली. त्यांनी तो सुतळीने नीट मोजला आणि गाठ मारली.