कामिनीचं मनोगत

कामिनी गजभिये माझ्याशी बोलत नाही. चार महिने झाले. मी लकडगंजात तिच्या घरी जातो, तिची आई प्रयागबाई दार उघडते, चहा देते, आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलंच राहतं. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. कामावर ती अजून जात नाही. लोक मला म्हणतात, तू एवढं मनाला लावून घेऊ नको. मी लावून घेणार. त्यात माझा वाटा किती ते मला ठाऊक आहे, त्यांना नाही.

कामिनी रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजीत रक्ताचे नमुने घ्यायची. हात इतका हलका की लेकरू रडायच्या आत सुई बाहेर आलेली असायची. म्हातारी माणसं आपला नंबर दुसऱ्याला देऊन तिच्यासाठी थांबायची. बोलायला कमी, पण टोमणा मारायला एक नंबर. माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. चौकात माझा एखादा फ्लेक्स दिसला की ही त्याच्याखाली उभी राहून फोन करायची, "प्रेमानंद, हा भाऊ वाढदिवसाचा आहे का तेरवीचा? चेहरा पाहून समजून नाही राहिलं."

तीन वर्षांपूर्वी ती एकाएकी अंथरुणातून उठेनाशी झाली. एकाएकी म्हणजे आमच्यासाठी. घरी ते सहा महिने चाललं होतं. प्रयागबाई मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जाते. हात कितीही धुतले तरी आग जात नाही, त्यामुळे बाईला रडू आलं तरी डोळे पुसायची सोय नाही. शेजारपाजारच्यांनी 'बाहेरचं' पाहायला सांगितलं. तिने साफ नाही म्हटलं आणि पोरीला हात धरून मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू कामिनी उठली, कामावर गेली. डॉक्टर-गोळ्यांची ही गोष्ट घराबाहेर आम्हा चार मित्रांनाच माहीत होती, आणि तशीच राहिली असती तर बरं झालं असतं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्यातल्या गोलूचा आतेभाऊ विक्रम गेला. त्याने स्वतःच जीव दिला. घरचे आजही हार्ट अटॅक म्हणतात. गोलू वेड्यासारखा झाला होता. मग त्यानेच काढलं की विक्रमच्या गावापर्यंत, म्हणजे नागपूर ते काटोल, पायी जायचं. साठेक किलोमीटर, तीन दिवस. वाटेत मनाच्या आजाराबद्दल बोलायचं आणि वर्गणीतून आपल्या वस्तीत एक समुपदेशक बसवायचा. पायल आणि विक्की लगेच तयार झाले. मीही.

अडलं फोटोवर. विक्रमच्या घरच्यांनी त्याचा फोटो वापरू दिला नाही. आणि फोटो नसलेल्या फ्लेक्सकडे आमच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही, हे धंद्यातलं ज्ञान मी सगळ्यांना ऐकवलं. मग सगळे कामिनीकडे पाहू लागले. ती नाही म्हणाली. गोलू तिच्यासमोर रडला. ती हो म्हणाली.

मी तिचा फोटो मोठा केला आणि खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं, 'नैराश्यावर मात करणारी नागपूरची लेक'. मला ती ओळ फार आवडली होती.

पदयात्रेआधी महिनाभर प्रचार. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच. आजारावर बोलायला गेलेल्या पोरीलाही आधी शाल, नारळ, मग निवेदक म्हणणार, "आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील." पहिल्या कार्यक्रमात कामिनी जेमतेम चार वाक्यं बोलली. खाली उतरल्यावर एका बाईने तिला विचारलं, "पोरी, आता गोळ्या नाही न लागत?" आयोजक शेजारीच उभे होते. कामिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही काकू, आता पूर्ण बरी आहे ती."

त्याच संध्याकाळी आयोजकांनी जेवण ठेवलं होतं. तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. मी हळूच म्हणालो, "इथं नोको वं. लोक पाहून राहिले."

"गोळ्या घेऊन बरं झालेलं चालत नाही का?"

"चालते न. पण आत्ताच सांगितलं आपण. मंग घे."

तिने पट्टी परत ठेवली. नंतर घेतली का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. पुढच्या कार्यक्रमांत तिचं बोलणं लांबत गेलं, जोरात होत गेलं. ती झोपत नव्हती, भराभर बोलायची, मध्येच हसायची. आम्हाला वाटलं पोरगी खुलली. मूर्ख होतो आम्ही.

पदयात्रा निघाली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती. दोन दिवस गावोगाव शाली, नारळ, मनोगत. दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. पायलने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिचं काही खरं नाही दिसत." मी म्हणालो, थकली असेल. तिसऱ्या दिवशी काटोल सातआठ किलोमीटर राहिलं असताना कामिनी एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी बसली, आणि उठेना.

"काहून बसली वं?" गोलूने विचारलं. "आता राहिलंच किती?"

पाय दुखत होते असं नाही. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तो चेहरा मी तीन वर्षांपूर्वी पाहिला होता. तिथूनच तिला नागपूरला घेऊन परत फिरायला हवं होतं. एक जीप थांबवली असती, तरी झालं असतं. पण काटोलात मंडप टाकलेला होता, माणसं जमली होती, आणि विक्रमची आई पहिल्यांदाच येणार होती. मीच म्हणालो, "जीपमध्ये बसवू, मंडपात नेऊ, दोन मिनिटं बोलली की झालं. मंग सरळ घरी." कोणी नको म्हणालं नाही.

मंडपात तिच्या खांद्यावर शाल पडली. हातात नारळ आला. माईक आला. विक्रमची आई पुढच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती.

मग कामिनी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी बरी नाही. महिना झाला, गोळ्या नाही घेतल्या. मले घरी न्या."

निवेदक माझ्याकडे पाहू लागला. आपली फजिती होते आहे, एवढंच मला कळत होतं. मी टाळ्या वाजवायला लागलो. मग निवेदकाने वाजवल्या, आणि सगळ्या मंडपाने. फक्त विक्रमची आई वाजवत नव्हती. टाळ्या कोणी सुरू केल्या ते पाहायला कामिनीने मान वळवली, आणि मला पाहिलं.

मग त्याच जीपने तिला घरी आणलं. लकडगंजात दाराशी प्रयागबाई उभी होती. गोदामातून नुकतीच आली होती, म्हणून तिने पोरीला हात लावला नाही, कोपराने जवळ घेतलं आणि आत नेऊन निजवलं. मग बाहेर आली.

"तू तं तिथंच होता न गा, प्रेमानंद?"

"हो मावशी," मी म्हणालो, "तिथंच होतो."