लाव्ह्याखालची घरं

पाटीवाल्यांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला. शिंप्याच्या पाटीवर त्यांनी कात्री इतकी धारदार काढली, की गिऱ्हाईकं कापड द्यायला बिचकतात, अशी शिंप्याची कायमची तक्रार होती.

सगळी वस्तीच डोंगराखालून उठून आलेल्यांची. तीस वर्षांपूर्वी डोंगर फुटला आणि गाव लाव्ह्याखाली गेलं. त्या दिवशी तान्ही लेक पाटीवाल्यांच्या हातात देऊन त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी सासूबाईंना घेऊन आलेच." दोघीही आल्या नाहीत. पाटीवाल्यांनी लेकीला एकट्याने वाढवलं, वेण्यासुद्धा घातल्या, वाकड्या का होईना. पण तिच्या आईचा विषय निघाला की त्यांना अचानक ब्रश धुवायचे आठवत. पुढे पुढे लेकीने विचारणंच सोडलं.

वस्तीच्या सभागृहात त्या डोंगराचं मोठं तैलचित्र लावायचं ठरलं, तेव्हा काम अर्थातच पाटीवाल्यांकडे आलं. त्यांनी आभाळ काळं केलं, शिखर पेटवलं आणि मग पायथ्याशी एकेक घर काढायला बसले.

"अहो, इथून तर लाव्हा जाणार ना?" शिंप्याने विचारलं. "मग घरं कशाला? झाकायचीच आहेत तर!"

"खाली घरं नसतील, तर वरून ओततो तो नुसता रंग," पाटीवाले म्हणाले. "आधी गाव. मग लाव्हा."

ही बातमी फुटली आणि सभागृहात रीघ लागली. कुणाला अंगणातलं झाड हवं, कुणाला शेळी.

"आमच्या घराला माडी काढा हं," न्हाव्याची बायको म्हणाली.

"वहिनी, तुमच्या घराला माडी कधी होती?"

"नव्हतीच हो! यांचं मेलं नुसतं बोलणं, पुढल्या वर्षी बांधू, पुढल्या वर्षी बांधू. आता तुम्हीच बांधा."

पाटीवाल्यांनी बांधली. वर एक खिडकीही फुकटात दिली.

घरांचा रंग पुरता वाळला, तसे लोक चित्रासमोरून हलेनात. शिंपी हळूच म्हणाला, "असंच राहू द्या ना. छान दिसतंय."

"छान दिसतंय खरं," पाटीवाले म्हणाले, "पण मग आपण सगळे इथे काय करतोय?"

त्यांनी पोलादी पात्यावर काळा आणि लाल रंग घेतला आणि वरून खाली जाड थर ओढायला सुरुवात केली. ज्याचं घर जाई, तो पुढे होऊन उभा राही. माडी झाकली गेली तेव्हा न्हाव्याने बायकोचा हात धरला, आणि एरवी त्याला चारचौघांत फैलावर घेणाऱ्या बाईने तो धरू दिला.

उरलं एक घर. बुटकं, पिवळ्या भिंतींचं, दार अर्धं उघडं. पात्यावर लाव्हा तयार होता. पाटीवाल्यांचा हात कॅनव्हासपाशी गेला.

"बाबा, थांबा."

लेक मागे उभी होती. आपण जन्मलो ते घर ती पहिल्यांदाच पाहत होती.

"दार उघडं का ठेवलंय?"

पाटीवाल्यांची नजर सवयीने ब्रशांच्या डब्याकडे गेली. ब्रश स्वच्छ होते. त्यांनी पातं खाली ठेवलं आणि स्टुलावर बसले.

"तुझी आई कधी लावायचीच नाही ते," ते म्हणाले. "मी ओरडायचो, अगं, मांजरं शिरतात. तर म्हणायची, शिरू देत, तेवढीच सोबत."

लेक त्यांच्या पायाशी फरशीवर बसली.

"मग? शिरायची मांजरं?"

"तीन होती," पाटीवाले म्हणाले. "एक तर तुझ्या पाळण्यातच झोपायचं."

बाकीचे लोक चपला न वाजवता बाहेर पडले.