राबासाठी राखलेलं शेण

अंबाजी गवंड्यानं मावळातल्या एकशे सत्तावीस घरांतला धूर बंद केला. हा आकडा त्याच्या तोंडचा आहे, आणि तो थापा मारणारा माणूस नाही. आंबीपासून वर आंदर मावळापर्यंत आणि तिकडे वलवणच्या अंगाला, जिथं जिथं दावणीला चार जनावरं होती, तिथं तिथं त्यानं गोबरगॅसची टाकी बांधली. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र चूल होती, आणि त्या चुलीपुढं त्याची बायको कस्तुराबाई जन्मभर फुंकणी घेऊन बसली. आपल्या घरच्या गॅसवर एकदा चहा करावा, एवढंच तिच्या मनात होतं. ते का राहिलं, त्यात माझाही हात आहे. तो लपवून अंबाजीचं कौतुक करत बसणं मला जमायचं नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी गावच्या शाळेत मास्तर होतो. आमच्या घरची टाकी ही अंबाजीच्या पहिल्या दहांतली. माझी आई धोंडाबाई तेव्हा होती. जमिनीत खोल खड्डा, त्यात विटांचं गोल बांधकाम आणि वर घुमट. घुमटाला खालून आधार म्हणून काही नाही. वीट विटेला टेकवायची, ओल्या चुन्या-सिमेंटवर ती धरेपर्यंत हातानं थोपवून ठेवायची आणि मग पुढची घ्यायची. अंबाजी खड्ड्यात उतरला की वर त्याचं फक्त मुंडासं दिसायचं, आणि घुमट मिटत आला की तेही दिसेनासं व्हायचं. आम्ही पोरंटोरं नव्हे, चांगली मोठी माणसं, काठावर उभी राहून बघायचो. एखादी वीट पडेल, गंमत होईल, अशी आमची आशा. एकदाही पडली नाही.

टाकीत शेणकाला भरला, महिनाभर थांबलं, की शेगडी पेटायची. पहिल्यांदा घरच्या बाईनं दूध उतू घालायचं आणि मग चहा करायचा, आणि पहिला कप गवंड्याला द्यायचा, असा एक रिवाज त्याच्यामागं आपोआप पडून गेला. तो कप बशीत ओतून सावकाश प्यायचा आणि उठताना त्या घरच्या बाईला म्हणायचा, "डोळं जपा आता. फुकायचं दिस गेलं." माझ्या आईलाही म्हणाला होता. आई त्या दिवशी शेगडीपुढून उठायलाच तयार नव्हती. भाकरी झाल्या, कालवण झालं, तरी उगीच पाणी तापवत बसली.

घरी गेला की कस्तुराबाई त्याला विचारायची, "ज्योत कशी व्हती?"

"निळी."

हे दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं चाललं. अंबाजीला जमीन नव्हती. एक शेळी आणि कधी असलीच तर एक गाय. एका गाईच्या शेणावर टाकी चालत नाही, आणि सरकारी योजनेत चार जनावरं दाखवावी लागायची. म्हणजे ज्यानं टाक्या बांधल्या, त्यालाच टाकी मिळायची सोय नव्हती.

पण गडी हट्टी. प्रत्येक कामावर चार-दोन विटा उरायच्या, त्या मागून घ्यायचा आणि सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणायचा. पाच-सहा वर्षं असं केल्यावर एका दिवाळीत त्यानं घरामागं टाकी बांधून काढली. इतका देखणा घुमट त्यानं दुसऱ्या कुणाच्या घरी बांधला नसेल. शेणाचं काय, तर आम्ही सगळ्यांनी शब्द दिला होता. ज्याच्या त्याच्या घरात त्यानं गॅस आणून दिलेला. रोज एक पाटी शेण द्यायला कुणाचं काय जात होतं? माझी आई तर म्हणाली, "अंबाजी, आमच्याकडनं दोन घे."

टाकी पहिल्यांदा भरायची तर गाड्याच्या गाड्या शेण लागतं. ती तोंडापर्यंत भरली नाही तर आतला वायू धरत नाही, वरच्या वर निघून जातो. कार्तिकापासून कस्तुराबाई डोक्यावर पाटी घेऊन घरोघर फिरायला लागली. सकाळी सहा-सात फेऱ्या व्हायच्या. बाई चालताना हसायची. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. टाकी निम्म्याच्या वर आली.

आणि माघ लागला.

ज्यांनी मावळात भात केलं नाही त्यांना हे सांगावं लागेल. रोपं टाकायच्या जागेवर आम्ही शेण पसरतो, त्यावर पालापाचोळा, तरवडाच्या नाहीतर ऐनाच्या फांद्या, वर माती, आणि ते सगळं भाजून काढतो. त्याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर रोप धरत नाही, अशी आमची समजूत. माघ लागला की शेणाची पाटी घराबाहेर जात नाही. बाप लेकाला देणार नाही. अंबाजीनं सगळा विचार केला होता. घुमटाची उंची, नळीचा उतार, शेगडीची जागा. राब तेवढा त्याच्या ध्यानात राहिला नाही, कारण त्याचं स्वतःचं भाताचं खाचर नव्हतं. माझं होतं. मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतंच.

कस्तुराबाई पाटी घेऊन आमच्या गोठ्याशी आली तेव्हा मी शाळेला निघालो होतो. मी म्हणालो, "वैनी, आता राबाला लागंल. पावसात बघू."

ती म्हणाली, "व्हय गुरुजी, बरोबर हाय." आणि रिकामी पाटी कमरेवर घेऊन गेली. बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी तरी वरमलो असतो. मास्तरानं नाही म्हटल्यावर बाकीच्यांना तोंड फुटलं. आठ दिवसांत सगळ्या गोठ्यांतून तिला तेच उत्तर मिळालं. वैशाखात टाकीतलं शेण वाळून घट्ट झालं आणि उन्हानं घुमटाला तडा गेला. पावसात कुणी बघितलं नाही. मीही नाही. पुढं त्या उंचवट्यावर कस्तुराबाईनं दोडक्याचा वेल चढवला, आणि ते दोडके आमच्याही घरी यायचे. आम्ही ते मजेत खाल्ले.

अंबाजी ह्यावर कधी अवाक्षर बोलला नाही. टाक्या बांधत राहिला. संध्याकाळी ती विचारायची, तो "निळी" म्हणायचा.

मग गाव बदललं. कारखाने आले, खाचरांवर शेड उभ्या राहिल्या, जनावरं विकली गेली. टाक्या बंद पडल्या. कुणी त्यात संडासाचं पाणी सोडलं, कुणी बुजवून वर गाडी लावायला फरशी केली. कस्तुराबाईला सिलिंडर मिळाला तो फार उशिरा, आणि तोही जपून वापरायचा म्हणून भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. साठीत तिला धाप लागायला लागली. दारापासून नळापर्यंत गेली तरी मध्ये बसायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, बिडी ओढता का?" ती बिचारी लाजून मेली. अंबाजी बाहेर व्हरांड्यात उभा होता, त्यानं ते ऐकलं. मला सांगताना म्हणाला, "बिडी, गुरुजी! हिनं जल्मात तंबाखूला हात लावला न्हाई."

शेवटी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. विजेवर चालायचं, घुर्रघुर्र आवाज करायचं. नाकात नळी. नर्सबाईनं बजावून सांगितलं होतं की मशीनच्या आसपास काडी पेटवायची नाही, चूल नाही, उदबत्तीसुद्धा नाही. अंबाजीनं चूल उचलून बाहेर पडवीत मांडली आणि भाकरी स्वतः थापायला लागला. त्या भाकऱ्यांचं वर्णन मी करत नाही.

दोन वर्षांमागच्या कार्तिकात तळेगावहून स्नेहल नावाची मुलगी आली. तिची संस्था जुन्या गोबरगॅसची पाहणी करत होती. चालू असतील त्या दुरुस्त करायच्या, नसतील तिथं नवीन द्यायच्या. गावात माहिती कोण देईल, तर मास्तर. मी तिला अंबाजीकडे नेलं. ती त्याला समजावत होती, "काका, हवेतला कार्बन कमी करायचा आहे. पुढच्या पिढीसाठी."

अंबाजी म्हणाला, "धूर म्हना की."

पोरगी हसली. मग आम्ही तिघं गावभर फिरलो. बावीस टाक्या दाखवल्या, त्यातली एकही पेटत नव्हती. प्रत्येक ठिकाणी अंबाजी खाली वाकून घुमट बोटांच्या पेरांनी वाजवायचा आणि "ठणठणीत हाय" म्हणायचा. शेवटी तिनं विचारलं, "आणि तुमच्या घरची, काका?" त्यानं दोडक्याचा वेल बाजूला करून तडा दाखवला. मी दुसरीकडे बघत राहिलो.

नवीन जी वस्तू मिळणार होती ती म्हणजे एक जाड रबरी पिशवी. ना खड्डा, ना वीट, ना गवंडी. दोन तासांत बसते आणि जनावरं नसली तरी चालतं, हॉटेलातलं खरकटं घातलं तरी गॅस होतो. अंबाजीनं ती पायानं दाबून पाहिली. "ह्यो फुगा?" म्हणाला. मला वाटलं, आता हा नको म्हणणार. जन्मभर ज्या हातांनी घुमट मिटवले, त्यांना ह्यात काही कामच नव्हतं. पण तो घरात गेला, कस्तुराबाईच्या खाटेशी उकिडवा बसला आणि आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "घ्यायचा का गं?"

ती नळीमागून म्हणाली, "ज्योत निळीच आसती का?"

पिशवी बसली, पण सुरुवातीला तिलाही शेण लागतंच. गावात आता तेवढी गुरं कुठली? तळेगावच्या तबेल्यातून मी टेम्पो भरून शेण आणलं आणि माझ्या हातानं पाट्या वाहिल्या. अडुसष्टाव्या वर्षी. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. अंबाजी पाणी घालून काला ढवळत होता. थंडीत गॅस धरायला वेळ लागतो. रोज सकाळी मी जायचो, पिशवी किती फुगली ते बघायचो, मग खाटेकडे बघायचो. कुठलं आधी होईल ह्या भीतीनं मला जेवण जाईना.

पौष संपता संपता पिशवी टम्म फुगली. शेगडी पडवीत ठेवली होती, खाटेपासून दहा-बारा पावलांवर, मध्ये भिंत. ठरलं असं की अंबाजी चहा करील आणि ती दारातून बघेल. पण मशीनची नळी दारापर्यंत पोचत नव्हती. आणि कस्तुराबाईनं सरळ नाकातली नळी काढली, मशीनचं बटण बंद केलं आणि उठली.

"अगं, अगं," अंबाजी धावला.

"धरा मला," ती म्हणाली. "दूध मी ठिवनार."

त्या दहा-बारा पावलांना तिनं तीनदा दम घेतला. शेगडीपुढं बसली. काडी ओढायच्या आधी तिनं पदर नाकातोंडाला लावला, डोळे गच्च मिटले आणि तशीच हातानं चाचपत ज्योत पेटवली. चाळीस-पन्नास वर्षांची सवय. ज्योत लागली तरी तिचे डोळे मिटलेलेच.

"उघड की," अंबाजी म्हणाला. "धूर न्हाई."

तिनं डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली. दूध उतू गेलं तेही तिला कळलं नाही, मी चिमट्यानं पातेलं धरलं. मग तिनं चहा केला आणि पहिला कप रिवाजाप्रमाणे अंबाजीपुढं सरकवला. त्यानं बशीत ओतला. एकशे सत्तावीस घरांत जे बोलला ते इथं बोलायचं होतं. त्याचे ओठ हलले, पण "डोळं जपा" हे काही तोंडातून बाहेर पडेना. बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. ती म्हणाली, "आसूंद्या. दुसरा करते." आणि खरंच दुसरा केला.

त्यानंतर ती पडवीत आली नाही. फाल्गुनात गेली. दवाखान्याची माणसं मशीन परत घेऊन गेली आणि घर एकदम शांत झालं.

आमच्या गोठ्यात आता एकच म्हैस आहे. रोज सकाळी तिच्या शेणाची पाटी मी अंबाजीकडे नेतो. तो एकट्यापुरतं आमटी-भात त्या ज्योतीवर करतो. कस्तुराबाईचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हणालो, "अंबाजी, त्या माघात वैनींची पाटी पहिल्यांदा मी परत पाठवली."

तो शेण कालवत होता. मान वर न करता म्हणाला, "ठावं हाय. घरी आल्याव म्हनली, गुरुजींचा राब व्हऊद्या, मग आपली टाकी भरंल. पाटी भिताडाला पालथी घातली. लय दिस तशीच व्हती."

त्यानं हात धुतले, माझी रिकामी पाटी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "उद्याबी आना."

मी नेतो. तो कधी नको म्हणत नाही, आणि पुरे झालं असंही म्हणत नाही.