काय म्हणाले डॉक्टर?

दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून कसं सांगायचं, हे मी इंग्रजीच्या तासाला शिकवतो. अवतरणचिन्हं काढायची, ‘मी’चा ‘तो’ करायचा, ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ करायचा, क्रियापद भूतकाळात न्यायचं. अर्थ मात्र बदलता कामा नये. परवा फळ्यावर एवढं लिहिलं आणि खडू हातातच राहिला. मला दवाखान्यातला तो व्हरांडा आठवला.

दादाला तपासून डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. आता आमच्या हातात काही राहिलेलं नाही, त्यांना घरी घेऊन जा, असं ते म्हणाले. वहिनी शेजारीच उभी होती. तिला इंग्रजी येत नाही.

“काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“जरा अवघड आहे म्हणाले.”

“भाऊजी, ते बोलले तसंच सांगा.”

मी सांगितलं. ती तोंडाला पदर लावून भिंतीला टेकून राहिली. मग डोळे पुसून आत गेली. तिच्या मागोमाग मीही गेलो.

“काय म्हणाले डॉक्टर?” दादानं पडल्या पडल्या विचारलं.

“घरी घेऊन जा म्हणाले,” वहिनीनं सांगितलं.

शब्द डॉक्टरांचेच होते. त्यातला एकही तिनं बदलला नव्हता.

दादाचा चेहरा खुलला. “बघ, मी सांगत नव्हतो तुला?” असं म्हणत तो हातांवर जोर देऊन उठून बसला आणि त्यानं शर्ट मागितला. वहिनी मान खाली घालून त्याची बटणं लावू लागली.